चाकाआडचा हिंगूळ

दिवाळीच्या तोंडावर पुसदच्या गल्लीबोळांतून रंगाचा वास दरवळू लागतो, त्यात नवल काही नाही. पण यंदा भाच्याने रंगाची डबी उघडली ती भिंतीपाशी नव्हे, गाडीच्या पुढच्या चाकापाशी. चाक उतरवलेले, गाडी जॅकने उचलून स्टँडवर नीट टेकवलेली, मागच्या चाकांना विटा लावलेल्या, आणि एरवी कुणाच्या नजरेस न पडणारा तो ऐवज अंगणातल्या कोवळ्या उन्हात प्रथमच उघडा पडलेला: चकचकीत डिस्कच्या कडेला मिठी मारून बसलेला, बिडाचा, गंजाने तांबूस झालेला एक ओबडधोबड ठोकळा. कॅलिपर! आपण पायाने ब्रेक दाबला की याच मिठीतले दोन पॅड डिस्कला दोन्हीकडून कवळतात आणि धावत्या गाडीला थांबवतात.

रंगाआधी साफसफाई, आणि मला विचाराल तर खरी गोडी तिच्यातच. तारेचा ब्रश गंजावरून खरखरत फिरतो, तांबूस भुकटी खालच्या वर्तमानपत्रावर सांडते आणि हळूहळू बिडाची ती करडी, खडबडीत, ओतीव काया वर येते. तो आवाज ऐकताना मला पोळ्याआधी बैलाची शिंगे साळणारे हात आठवले. तिथेही आधी जुने खरवडायचे, मग हिंगूळ लावायचा. ब्रशमागून ब्रेक क्लीनरचा फवारा, फडक्याने पुसणे, कारण तेलकटपणाचा एक डाग राहिला तरी तिथला रंग पापुद्रा धरतो.

मग चिकटपट्टीचे काम सुरू झाले, आणि इथे आपण जरा थांबू. काय रंगवायचे यापेक्षा काय रंगवायचे नाही, याचा विवेक या कामात फार सुंदर आहे. डिस्कची घासली जाणारी बाजू नाही, पॅड नाहीत, ज्यांच्यावर कॅलिपर मागेपुढे सरकतो त्या पिना नाहीत, त्यांच्या रबरी टोप्या नाहीत, आणि ब्रेक ऑइलमधली हवा काढायची ती इवलीशी निप्पलही नाही. आपल्याकडे पोळ्याला शिंगे रंगतात, बेगड चिकटते, पाठीवर झूल चढते. पण जू जिथे टेकते त्या खांद्याला आदल्या दिवशी फक्त तूप-हळद. ओझे पेलणाऱ्या जागेचे लाड वेगळे. भाचा हे कुठून शिकला ठाऊक नाही, पण ब्रशचा एक थेंब रबरी टोपीवर ओघळला तेव्हा त्याने ज्या लगबगीने तो टिपला, त्यात शेतकऱ्याच्या घरचा हात दिसला.

रंगही साधा चालत नाही. हजार किलोची गाडी ताशी 72 किलोमीटर वेगाने धावत असेल, तर तिच्या अंगी सुमारे दोन लाख ज्यूल ऊर्जा असते. गाडी थांबवायची म्हणजे यातली बहुतेक ऊर्जा उष्णता होऊन ब्रेकमध्ये उतरते. एवढ्या उष्णतेत अर्धा लिटरहून जास्त गार पाण्याला उकळी फुटावी. चहाचे आधण म्हणा ना! आता घाटाची उतरंड लागली, वळणामागून वळण आले, समोर उसाचा ट्रॉलीवाला रांगत चालला असला, की अशी किती आधणे एकामागून एक चढत असतील त्याचा हिशेब आपणच करावा. दाराखिडक्यांचा इनॅमल या तापात करपून फुगायचा. म्हणून उष्णता सोसणारा खास रंग, तोही पातळ पातळ हातांनी, आधीचा हात सुकू देत दोन-तीनदा. घाई करून एकदाच जाड थर दिला की ओघळ ठरलेले.

रंग निवडताना पिवळ्यावर बराच खल झाला. या छोट्याशा जागेची जगभर एक रंगभाषाच होऊन बसली आहे. इटलीत बर्गामोजवळ 1961 साली सुरू झालेल्या ब्रेम्बोने लाल कॅलिपरला शर्यतीची ऐट मिळवून दिली. पोर्शेच्या गाडीत पिवळा दिसला की जाणकार ओळखतो, डिस्क सिरॅमिकच्या आहेत. पोपटी दिसला की विजेची जोड आहे. आपली गाडी साधीसुधी, मागे ड्रम, म्हणजे कॅलिपर मुळात दोनच. रंगाने ब्रेक तसूभरही अधिक लागत नाही, हे भाच्याला पक्के ठाऊक आहे आणि त्याची त्याला जराही खंत नाही. शेवटी लालच ठरला. पांढऱ्या गाडीला तोच शोभतो, हे माझेही मत.

पण या साऱ्या खटाटोपाचे मर्म मला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उमगले. चाक चढले, नट समोरासमोरचे घेत आवळले गेले, आणि गाडी वाशिम रस्त्याकडे निघाली. मी फाटकात उभा. चाक फिरू लागले, अलॉयच्या काड्या आधी वेगवेगळ्या, मग धूसर, मग विरून नुसते रुपेरी धुके. आणि त्या धुक्याच्या आत तो लाल तुकडा जागच्या जागी स्थिर! कारण चाक फिरते, डिस्क फिरते, कॅलिपर फिरत नाही. उभ्या गाडीत काड्यांआडून अर्धामुर्धा दिसणारा तो रंग गाडी धावू लागल्यावर उलट अधिक सलग दिसतो. कोपऱ्यावर स्टिअरिंग वळले तसा तोही चाकाबरोबर किंचित वळला, जणू जाता जाता मान तिरकी करून त्याने अंगणाकडे पाहिले.

त्याच रस्त्यावरचा खंडाळा घाट उतरून परतल्यावर गाडीजवळ रंग शिजल्यासारखा मंद वास येत होता. आठवड्याभरात लालावर ब्रेकची काळी भुकटी बसली. आता दर रविवारी भाचा ओले फडके काड्यांतून आत घालतो आणि बोटे पोचतील तेवढाच भाग पुसतो.