जाली आणि कण्हाजिना यांचा प्रश्न

विहारांतील बालसंस्कार वर्गांत आणि मुलांसाठी निघणाऱ्या जातककथांच्या पुस्तिकांत वेस्संतराची कथा दानपारमितेचा कळस म्हणून सांगितली जाते. पाली जातकसंग्रहातील ही ५४७ वी, म्हणजे अखेरची कथा होय. वेस्संतर राज्याचा पांढरा हत्ती देऊन टाकतो, हद्दपार होतो आणि वनात जूजक नावाच्या ब्राह्मणाने मागताच जाली व कण्हाजिना ही आपली मुले त्याच्या स्वाधीन करतो. बालआवृत्तीत हा प्रसंग एका वाक्यात उरकतो. खाली तात्पर्य छापलेले असते : दान करावे.

मूळ कथेला मात्र एवढी घाई नाही. मुले भयाने कमळांच्या तळ्यात लपतात, पिता हाक मारून त्यांना बाहेर काढतो, जूजक त्यांना वेलीने बांधून मारीत नेतो. आई मद्दी त्या वेळी कंदमुळे आणावयास गेलेली असते. आपल्या शहरापासून शंभरेक किलोमीटरवर, अजिंठ्याच्या १७ व्या लेण्यात, ही कथा भिंतीवर रंगविलेली आहे. जूजकही तेथे आहे. शाळांच्या सहली त्या भिंतीसमोरून जातात. ऐकणारे मूल स्वतःला वेस्संतराच्या नव्हे, जालीच्या जागी पाहते, ही साधी गोष्ट आपल्या बालसाहित्यकारांच्या ध्यानी येऊ नये याचे नवल वाटते.

हा आक्षेप काही आधुनिक शंकेखोरांचा नाही. 'मिलिंदपञ्ह' ग्रंथात राजा मिलिंद भदंत नागसेनांना नेमके हेच विचारतो. पत्नी राजी होती, मुले तर रडत होती. दुसऱ्याला दुःख देऊन केलेले दान सुखाचे फळ कसे देईल? रुग्णाला गाडीतून नेताना बैलांना कष्ट होतातच, अशा आशयाची उपमा नागसेन देतात. प्रस्तुत लेखकाला ती अपुरी वाटते, कारण मूल म्हणजे बैल नव्हे. परंतु परंपरेने प्रश्न दडविला नाही, तो ग्रंथात जपला, हे महत्त्वाचे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली येथे काढलेल्या महाविद्यालयाला पुढे प्रश्नकर्त्या मिलिंदाचे नाव मिळाले आणि परिसर नागसेनवन झाला. त्याच परिसराच्या छायेत मुलांना केवळ उत्तरे पाठ करावयास लावणे विसंगत आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच प्रश्न मांडले. एकोणतीस वर्षांच्या सिद्धार्थाने तोवर वृद्ध, रुग्ण, मृत पाहिलेच नव्हते, हे बुद्धीला पटत नाही, असे त्यांनी नमूद केले. तरी चार दृश्यांची कथा आपल्या बालपुस्तिकांत जशीच्या तशी चालू आहे.

स्वतः तथागतांनी लहानग्या राहुलाला कसे शिकविले? अंबलट्ठिक राहुलोवाद सुत्तात ते पाय धुण्याच्या भांड्यात थोडे पाणी शिल्लक ठेवतात आणि विचारतात, दिसते का? मग ते ओततात, भांडे पालथे करतात. आरसा कशासाठी असतो, हेही राहुलालाच सांगावयास लावतात. कर्म करण्यापूर्वी, करताना आणि केल्यावर ते न्याहाळावे, हा उपदेश त्यानंतर येतो. पंचशील मुखपाठ करण्यास आमचा विरोध नाही. पाठांतर स्मृतीला हितकारक असते. पण 'मुसावादा' म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक नाही त्याने ते किती सुस्वर म्हटले, यावर बक्षीस देऊ नये.

संपादकांस एक विनंती. पुढील आवृत्तीत वेस्संतर कथेखालील तात्पर्याची ओळ काढावी, तेथे मिलिंदाचा प्रश्न छापावा आणि खाली मुलांना लिहिण्यासाठी चार ओळींची जागा मोकळी सोडावी.