शेवाळ, शैवल आणि शिंपला : एका शब्दयोजनेची चिकित्सा

नाशिकच्या गोदाघाटावर दोन गोष्टींना दोन नावे आहेत. पायरीवर पाय घसरविते ते शेवाळ. पात्र झाकून टाकते ती पानवेल. ही दुसरी, मूळची दक्षिण अमेरिकेतील, सपुष्प वनस्पती होय. ती शेवाळ नव्हे, हे घाटावरील माणसास वनस्पतिशास्त्रावाचून कळते. लोकभाषेतील हा विवेक शास्त्रीय मराठीत सुटतो. आणि सागरी शैवलांसंबंधी लिहिताना तो सुटणे घातक ठरते.

‘आयात कवचधारी मत्स्यांतून होणारा हानिकारक शेवाळाचा प्रसार’ ही शब्दयोजना घ्यावी. तीतील ‘शेवाळ’ हा शब्द वाचकापुढे हिरवा, धुऊन काढता येणारा थर उभा करतो. वस्तुतः ज्यांचे भय बाळगावयाचे ती बहुतेक शैवले एकपेशीय असून नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. १९८१ साली तमिळनाडूत शिंपल्यांतून विषबाधा होऊन ३ माणसे दगावली. असले विष शिजविल्यानेही नाहीसे होत नाही. मग धुण्याची कथा काय!

‘कवचधारी मत्स्य’ या संज्ञेचा दोष याहून मोठा आहे. किनाऱ्यावरील मराठी कालव, तिसऱ्या, शिणाणे यांना ‘शिंपले’ म्हणून कोळंबी, चिंबोरी, शेवंड यांपासून वेगळे ठेवते. शिंपले पाणी गाळून अन्न मिळवितात. म्हणून शैवलांच्या पेशी व कोश त्यांच्या पोटात जातात. जिवंत शिंपले नव्या खाडीत सोडल्यास जगलेले कोश विष्ठेवाटे बाहेर पडतात व गाळात टिकून राहतात. प्रतिबंधाचा कटाक्ष कोठे हवा, हे कोळ्याचा शब्द सांगतो. भाषांतरित संज्ञा ते झाकते.

‘आयात’ हा शब्दही अपुरा आहे. जपानी कालवांबरोबर सारगॅसम हे शैवल फ्रान्सच्या किनाऱ्यास पोहोचले, हे खरे. परंतु एकाच देशातील दोन खाड्यांमध्ये शिंपल्यांची ने-आण झाली तरी धोका तोच. येथे ‘स्थलांतर’ हा शब्द योग्य होय.

शास्त्रास व्यापक संज्ञा लागतात, हा आक्षेप रास्त आहे. तथापि नियमाची भाषा कृतीसाठी असते. ‘जिवंत शिंपले तपासणीपूर्वी खाडीत सोडू नयेत; ते वेगळ्या टाकीत ठेवावेत; टाकीचे पाणी निर्जंतुक केल्यावाचून खाडीत सोडू नये’ ही वाक्ये बंदरावरील माणसास कळतील. जी संज्ञा त्याला काय अडवावे हे सांगत नाही, ती शुद्ध असूनही निरुपयोगी आहे.