त्रेपन्न भागांत शिरावे कुठून?

‘भारत एक खोज’ पाहायची इच्छा झालेल्या तरुणांना आपल्याकडे एकच सल्ला मिळतो : पहिल्या भागापासून सुरुवात करा. इतिहासाची मालिका म्हटल्यावर हे बरोबरही वाटते. पण माझ्या पाहण्यातले बहुतेकजण सिंधू संस्कृती आणि ऋग्वेदकाळ यांच्या आसपासच गळाले. त्यांच्या चिकाटीला दोष देण्याआधी दारच तपासावे असे मला वाटते.

श्याम बेनेगल यांची ही मालिका दूरदर्शनवर आली १९८८ साली. भाग त्रेपन्न. आधार पंडित नेहरूंच्या ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’चा, हे पुस्तक त्यांनी १९४४ साली अहमदनगरच्या किल्ल्यात, कैदेत असताना लिहिले. पुस्तकात एका माणसाचा सलग स्वर आहे. मालिकेत मात्र तो स्वर रोशन सेठ यांचे नेहरू, ओम पुरी यांचे निवेदन आणि प्रत्यक्ष नाट्यप्रसंग अशा तीन ठिकाणी वाटला गेला. हे तिन्ही नेहमी एकच सांगतात असे नाही. नेहरू सावकाश, विचार करत बोलतात; नाट्यप्रसंगातली माणसे भांडतात, फसवतात, मरतात. मालिकेचा खरा जीव या फटीत आहे, आणि सुरुवातीच्या भागांत ती फट अरुंद आहे. तिथे पात्रे कमी, माहिती जास्त. वनराज भाटिया यांचे संगीत आणि नासदीय सूक्ताचा वसंत देव यांनी केलेला हिंदी अवतार हे सारे भव्य आहे. पण भव्यतेवर तीन-चार आठवडे निघत नाहीत.

मराठी प्रेक्षक साहजिकच शिवाजी महाराजांच्या भागाकडे धावतो. मी तिथे पाठवणार नाही. नसीरुद्दीन शाह यांचे काम संयत आहे, पण आपल्या मनात महाराजांची मूर्ती इतकी पक्की असते की आपण पडद्यावर फक्त तिची पडताळणी करत बसतो : दाढी जमली का, जिरेटोप बसला का. शिवाय ओम पुरींचा औरंगजेब आधी पाहिल्याशिवाय तो संघर्ष अर्धाच कळतो.

माझे मत असे : सुरुवात महात्मा फुले यांच्या भागापासून करावी. नेहरूंच्या पुस्तकात फुल्यांना स्वतंत्र प्रकरण नाही. मालिकेने मात्र त्यांना अख्खा भाग दिला. पुस्तकाचे रूपांतर करणारे लोक पुस्तकाच्या कुठे पुढे गेले, हे इथे डोळ्यांना दिसते. फुल्यांच्या भूमिकेत सदाशिव अमरापूरकर आहेत. ‘अर्धसत्य’मधल्या रामा शेट्टीने ज्यांना घाबरवले होते, त्यांना हे जड गेले असेल. (अमरापूरकर मूळचे नगरचे. नेहरूंनी जिथे पुस्तक लिहिले त्याच गावचे, हा निव्वळ योगायोग. पण मला तो आवडतो.)

आणि तिथून लगेच मागे जावे : जातिसंस्थेच्या जडणघडणीवरच्या सुरुवातीच्या भागाकडे. क्रमाने येणारा प्रेक्षक हा भाग समाजशास्त्राचा पाठ म्हणून ऐकतो आणि पुढे सरकतो. फुल्यांकडून आलेला प्रेक्षक त्याला जाब विचारतो. १८४८ साली मुलींची शाळा काढणाऱ्या, १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिणाऱ्या माणसाने हा भाग पाहिला असता तर तो कुठे उठून उभा राहिला असता? हा प्रश्न मनात असला की निवेदनातले सौम्य शब्दही टोचू लागतात.

तिसरा मुक्काम महाभारताचा. त्याच सुमारास बी. आर. चोप्रांचे ‘महाभारत’ चौऱ्याण्णव भागांत चालू होते. बेनेगलांनी ते दोन भागांत आटोपले आणि त्यातले प्रसंग तीजनबाईंच्या पंडवानीतून आणले. एक बाई, हातात तंबुरा, आणि तोच क्षणात भीमाची गदा. हे पाहिले की मुकुट आणि बाण यांच्याविनाही महाभारत उभे राहते हे कळते. त्यानंतर अशोक, अल्लाउद्दीन, औरंगजेब असे ओम पुरी पुन्हा पुन्हा भेटू लागले, किंवा सलीम घौस राम-कृष्णानंतर टिपू म्हणून उभे राहिले, तरी नवखा गोंधळत नाही. ही माणसे गोष्ट सांगणारी मंडळी आहेत हे त्याने ओळखलेले असते.

यावर एक आक्षेप खरा आहे. मालिकेचा मूळ दावाच सातत्याचा : पाच हजार वर्षांचा एक धागा. मधूनच सुरुवात केली तर तो धागा तुटतो. पण धागा आहे हे नेहरूंचे म्हणणे आहे, ते सिद्ध झालेले गृहीत नव्हे. पहिल्यापासून पाहणारा ते नकळत मान्य करून पुढे जातो. उलटीकडून येणाऱ्याला तो धागा दर भागात स्वतः ओढून पाहावा लागतो. काही ठिकाणी तो घट्ट निघतो, काही ठिकाणी हातात येतो.

पहिला भाग मी मुद्दाम चौथ्या क्रमांकावर ठेवतो. ‘भारत माता की जय’ म्हणणाऱ्या शेतकऱ्यांना नेहरू विचारतात, ही भारतमाता कोण? फुल्यांनंतर हा प्रश्न ऐकला की तो शेतकऱ्यांइतकाच विचारणाऱ्यालाही लागू होतो.