फॅसिझम : चौदा लक्षणे आणि एक सही

उम्बर्तो एको या इटालियन लेखकाचा फॅसिझमची चौदा लक्षणे सांगणारा निबंध १९९५ साली प्रसिद्ध झाला. परंपरेची पूजा, मतभेद म्हणजे द्रोह, वेगळ्या माणसाची भीती, सतत कटाचा संशय, दुर्बलांचा तिरस्कार. यांपैकी एकाही लक्षणाभोवती फॅसिझम आकार घेऊ शकतो, असे एको म्हणतो.

दुर्बलांच्या तिरस्काराविषयीचे त्याचे विवेचन मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. या रचनेत प्रत्येक जण आपल्या खालच्याला तुच्छ लेखतो. आपल्याला हे ओळखीचे आहे. बाबासाहेबांनी त्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. जात म्हणजेच फॅसिझम, असे मी म्हणणार नाही. जात फार जुनी आहे, तिला पक्ष आणि गणवेश लागत नाहीत. पण तिरस्काराची उतरंड जिथे अंगवळणी पडली आहे, तिथे फॅसिझमला जमीन नांगरावी लागत नाही.

एकोची यादी मात्र वृत्तीची आहे. सत्ता कोणत्या क्रमाने बळकावली जाते, हे तिच्यातून कळत नाही. ते इटलीच्या इतिहासात पाहावे लागते. १९२२ मध्ये राजाने मुसोलिनीला रीतसर पंतप्रधान नेमले. १९२३ च्या कायद्याने किमान पाव मते मिळवणाऱ्या सर्वांत मोठ्या गटाला दोन तृतीयांश जागा बहाल केल्या. १९२४ मध्ये निवडणुकीतील दंडेली संसदेत मांडणाऱ्या मात्तेओत्ती यांचा खून झाला. १९२६ मध्ये विरोधी पक्षांवर बंदी आली. १९३१ मध्ये विद्यापीठीय प्राध्यापकांना राजवटीशी निष्ठेची शपथ सक्तीची झाली. सुमारे १,२०० जणांपैकी नकार देणारे जेमतेम डझनभर निघाले.

या आकड्यापाशी मी अडतो. माझ्याआधी आमच्या घरात सगळे अंगठा उठवणारे. पहिली सही माझी, आणि त्या सहीवरच आज घर चालते. तो कागद माझ्यापुढे आला असता तर? छातीठोकपणे सांगता येत नाही. म्हणून सही करणाऱ्यांना भेकड म्हणून मोकळे होण्याचा अधिकार मला नाही. एवढे मात्र कळते, की कागद येईपर्यंत त्यांची नऊ वर्षे निघून गेली होती.

राजकारणातील भक्ती हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत दिला. त्यातून त्यांनी आपल्याला वगळलेले नाही. तेव्हा लक्षणे केवळ विरोधकांत मोजून भागणार नाही. आपल्याच सभेत नेत्याला प्रश्न विचारणाऱ्याला खाली बसवले जाते काय, हे आधी तपासू या. सही नाकारण्याचे बळ तिथेच कमवावे लागते.