खांबाआडची जागा

बेसबॉल मी कधी खेळलो नाही. त्याचे नियम मला आजही कुणीतरी शेजारी बसून समजावून द्यावे लागतात. तेव्हा टॉम स्टॅन्टन यांचे ‘द फायनल सीझन’ (२००१) मी हाती घेतले ते जरा अनिच्छेनेच. डेट्रॉईटचे टायगर स्टेडियम १९९९ साली बंद व्हायचे होते. त्या अखेरच्या हंगामात तेथे झालेले सगळेच्या सगळे ८१ सामने या गृहस्थांनी जाऊन पाहिले, आणि त्यांची रोजनिशी लिहिली. कथानक म्हणाल तर एवढेच.

रोजनिशीचा दोष या पुस्तकातही आहे. काही प्रकरणे एकमेकांसारखी वाटतात, डोळे पुसण्याचे प्रसंगही किंचित अधिक. पण बापाने मुलाला बोट धरून जेथे नेले, तेथे त्या मुलाने आपल्या मुलांना नेणे, हा या पुस्तकाचा खरा विषय. आणि तो समजायला बेसबॉल यावाच लागतो असे नाही.

हे मैदान २० एप्रिल १९१२ रोजी उघडले. प्रथम नेव्हिन फील्ड, मग ब्रिग्ज स्टेडियम, आणि १९६१ पासून टायगर स्टेडियम. त्याचा घाट मोठा विक्षिप्त. १२५ फूट उंचीची निशाणकाठी चक्क खेळाच्या हद्दीत उभी! उजव्या बाजूची वरची गॅलरी मैदानावर पुढे झुकलेली. खाली क्षेत्ररक्षकाने झेलासाठी हात पसरावेत आणि चेंडू वरच्यावर प्रेक्षकांत जाऊन पडावा. शिवाय जागोजाग लोखंडी खांब. त्यांच्याआड बसलेल्याला अर्धा खेळ दिसतच नसे.

परंतु त्या खांबांवरच वरचा मजला पेललेला होता, म्हणून तो मैदानाच्या इतका निकट होता. खांब नकोत म्हटले की वरचा प्रेक्षक मागे सरकतो, दूर जातो. काहींच्या गैरसोयीवर सर्वांची जवळीक उभी होती. आपली जुनी एकत्र कुटुंबे तरी दुसऱ्या कशावर उभी होती?

इथेच माझे मन थोडे अडते. एकत्र कुटुंबाचे गोडवे गाताना खांबाआड कोण बसले होते, हे आपण विसरतो. या मैदानावर यजमान संघातून पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, ऑझी व्हर्जिल, उतरला तो १९५८ साली. जॅकी रॉबिन्सनने ब्रुकलिनच्या संघात पाऊल ठेवल्यानंतर अकरा वर्षांनी. तोवर किती बापांनी आपल्या मुलांना तेथे नेले असेल, आणि आपल्यासारखा एकही गडी यजमानांच्या बाजूने खेळताना त्यांना दिसला नसेल! अशा वास्तूची आठवण काढायची तर तीही आठवण सोबत घेतली पाहिजे. तिने प्रेम उणावत नाही, खरे होते.

२७ सप्टेंबर १९९९ रोजी शेवटचा सामना झाला. तिन्ही बेसवर आपले गडी उभे असताना रॉबर्ट फिकने मारलेला चेंडू उजवीकडच्या छपरावर जाऊन आदळला. डेट्रॉईटने सामना ८–२ असा जिंकला. त्यानंतर फलंदाजाच्या पायांजवळची होम प्लेट उकरून नव्या मैदानाकडे नेण्यात आली. जुनी वास्तू मात्र कित्येक वर्षे ओस उभी राहिली आणि २००८–०९ मध्ये पाडली गेली. आता त्या जागी मुले खेळतात.

पुस्तक मिटले तेव्हा मला डेट्रॉईट आठवत नव्हते. वडिलांनी मला खांद्यावर उचलून घेतलेली एक गर्दी आठवत होती. खेळ कोणता होता कोण जाणे. खांब मात्र मध्ये नव्हता, कारण तो त्यांच्यासमोर होता.