पुनःसंकुचित स्टेंट आणि अंतर्धमनी चित्रण : एक परीक्षण

मांडीतील धमनीत बसविलेला स्टेंट पुन्हा अरुंद झाला म्हणजे चिकित्सकापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो उपायाचा नव्हे, कारणाचा. अंतःस्तराची अतिवृद्धी, मुळातच अपुरा उघडलेला स्टेंट, जाळीचा भंग, की साकळलेले रक्त? अँजिओग्राफीत दिसते ती रक्तमार्गाची द्विमितीय छाया. भित्तीचे स्वरूप तीत उमटत नाही.

तोसाका व सहकाऱ्यांनी २०१२ साली या संकोचाचे तीन वर्ग केले : ५० मिलिमीटरपर्यंतचा मर्यादित, त्याहून लांब पसरलेला आणि पूर्ण अवरोध. केवळ फुग्याने उपचार केल्यास दोन वर्षांत पुनरावृत्तीचे प्रमाण पहिल्या दोन वर्गांत सुमारे निम्मे, तर तिसऱ्यात ८४.८ टक्के आढळले. हे वर्गीकरण भवितव्य सांगते, कारण सांगत नाही. हीच त्याची मर्यादा होय.

ही उणीव धमनीच्या आतून केलेले अल्ट्रासाउंड चित्रण भरून काढते. त्यात भित्तीचा आडवा छेद दिसतो व खरा व्यास मोजता येतो. ॲलन व सहकाऱ्यांच्या २०२२ च्या १५० रुग्णांवरील चाचणीत सरासरी व्यास अँजिओग्राफीने ५.१० मिलिमीटर, तर या पद्धतीने ५.६० मिलिमीटर भरला. वर्षाअखेर पुनःसंकोचापासून मुक्त राहिलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ५५.४ व ७२.४ टक्के होते. परंतु लक्षणांमुळे पुन्हा उपचार करण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक दिसला नाही. म्हणजे चित्र सुधारले. रुग्णाचे चालणे सुधारले, असे त्यावरून म्हणता येत नाही. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या, २३७ रुग्णांवरील कोरियन चाचणीत औषधलेपित फुग्याच्या उपचारास या चित्रणाची जोड दिली असता पुनरुपचारही कमी झाले, ही गोष्ट आशादायक खरी.

तथापि या दोन्ही चाचण्यांचा मूळ प्रश्न मांडीच्या धमनीच्या एकंदर विकाराचा होता. पुनःसंकुचित स्टेंटचा स्वतंत्र विचार हा त्यांचा हेतू नव्हता. शिवाय चिकित्सकापासून चित्र लपविता येत नाही. म्हणून या निष्कर्षांचा विस्तार येथे करताना सावधगिरी हवी. कॅथेटरचा वाढीव खर्च रुग्णाला सोसावा लागतो, तेथे तर ती अधिकच हवी. चित्रणाने निर्णय बदलला की नाही, आणि बदललेल्या निर्णयाने पाय वाचला की नाही, या दोन प्रश्नांची उत्तरे स्वतंत्रपणे नोंदविणारी चाचणीच या वादाचा निर्णय करू शकेल.