बिअर-कारखान्यातील उरलेले किण्व आणि मुळगाठींचे जीवाणू : एक परीक्षण

बिअरच्या कारखान्यात किण्वन संपल्यावर टाकीच्या तळाशी साचणारे किण्व, म्हणजे यीस्ट, हे उपयुक्त जीवाणूंचे स्वस्त खाद्य होय, असे मत वारंवार मांडले जाते. मराठवाड्यापुरते त्याचे मोल तपासावयाचे, तर हिंगोली जिल्ह्यातील पुसेगावासारखे गाव डोळ्यांपुढे ठेवणे इष्ट ठरेल. सोयाबीन, तूर व हरभरा ही या भागातील महत्त्वाची पिके. त्यांच्या बियाण्यास लावावयाचे रायझोबियम ज्या माध्यमात वाढवितात, त्यात किण्वार्क हा नेहमीचा घटक आहे.

तत्त्वतः हा पक्ष सबळ आहे. कोरड्या किण्वात प्रथिनांचा वाटा निम्म्याच्या आसपास असतो. किण्व सुमारे ५० अंश सेल्सिअस उष्णतेत ठेवले असता पेशी स्वतःच्याच विकरांनी विरघळतात, आणि अमिनो आम्ले व ब-जीवनसत्त्वे द्रवात उतरतात. हॉपमधील कडू द्रव्ये ग्राम-धन जीवाणूंच्या वाढीस बाधक असतात. रायझोबियम ग्राम-ऋण असल्याने त्यास ती फारशी जाचत नाहीत. लॅक्टोबॅसिलससाठी मात्र किण्व आधी सौम्य अल्कलीने धुणे श्रेयस्कर.

दोष आहे तो स्वस्ताईच्या हिशेबात. प्रचलित माध्यमात दर लिटरला मॅनिटॉल १० ग्रॅम, तर किण्वार्क अवघा अर्धा ते एक ग्रॅम लागतो. म्हणजे काटकसर होते ती लहान बाबीत. मॅनिटॉलऐवजी मळी वापरावी, तर सोयाबीनचे मंदगती ब्रॅडीरायझोबियम ऊसाची साखर सहसा पचवू शकत नाही. किण्वार्क वाढवून भरपाई करावी, तर त्याच्या अतिरेकाने पेशी विकृत होतात व जिवंत पेशींची संख्या घटते.

दुसरी अडचण वाहतुकीची. बिअरचे कारखाने छत्रपती संभाजीनगरजवळील वाळूज परिसरात आहेत. ओल्या किण्वात बहुतांश पाणीच असते, आणि उन्हाळ्यात ते लवकर नासते. अर्क काढून वाळविण्याचे काम कारखान्याजवळच झाले पाहिजे.

तिसरा मुद्दा मोजमापाचा, आणि तोच सर्वांत गंभीर. न विरघळलेल्या पेशींच्या अवशेषांनी द्रव गढूळ होतो. तो गढूळपणा जीवाणूंची वाढ समजला, तर निष्कर्ष फसवा ठरतो. खत नियंत्रण आदेश, १९८५ मध्ये जैविक खतांचा समावेश २००६ मध्ये झाला. त्यानुसार रायझोबियमच्या घन खतात दर ग्रॅमला किमान ५ कोटी व द्रवरूप खतात दर मिलिलिटरला किमान १० कोटी जिवंत पेशी असाव्या लागतात. किण्वाची प्रत घाणीगणिक बदलते; म्हणून प्रत्येक घाणीची कसोटी जिवंत पेशींच्या गणनेने आणि रोपांवरील मुळगाठींनीच लागली पाहिजे.

सारांश, उरलेले किण्व हे टाकाऊ द्रव्य नव्हे. परंतु ते केवळ फुकट मिळते एवढ्यावरून त्याची शिफारस करणे युक्त नाही. पाकीट निकृष्ट निघाल्यास पेरणीचा हंगाम परत येत नाही, आणि त्या चुकीची किंमत प्रयोगशाळेला नव्हे, तर पुसेगावच्या शेतकऱ्याला मोजावी लागते.